आधी व्हर्नियर, मग पाकीट

माझ्या सायकलच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाशेजारी एक जुना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं अवजार, असतो. लोक हसतात. हसू देत. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. तिथे ‘अंदाजे बसेल’ म्हणणाऱ्या पोराला आमचा फोरमन जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजायला लावायचा. ती सवय अंगात मुरली. पंचेचाळिशीला डॉक्टरांनी साखर मोजली आणि मी सायकल घेतली, तेव्हा सवयही मागोमाग आली.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने ओळखीतल्या एकाकडून सेकंडहँड हार्डटेल घेतली. हार्डटेल म्हणजे पुढे शॉक, मागे काही नाही. साडेसत्तावीसची चाकं, पुढे तीन गिअर, मागे आठ. आठवड्याच्या आत मोबाइलवर यादी घेऊन हजर. “मामा, मागे ४२ दातांची कॅसेट, पुढे एकच चेनरिंग, एअर फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक. सगळं ऑनलाइन मिळतंय, तू फक्त बसवून दे.” कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, चेनरिंग म्हणजे पायडलजवळची दातेरी चकती, आणि फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. मी म्हटलं, पैसे भरू नकोस, आधी सायकल उलटी कर. तासाभराने त्या यादीत एकच वस्तू उरली होती. बाकीच्या का गेल्या ते सांगतो. तुमच्या यादीतही बहुधा त्याच असतील.

चाक आणि टायर

टायरच्या कडेला दोन प्रकारचे आकडे असतात. २७.५ x २.१ हा बोलायचा आकडा. त्याच्याजवळ बारीक अक्षरात ५४-५८४ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो खरा आकडा. त्यातला ५८४ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. डोंगरी सायकलच्या २६ला हा आकडा ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतीसला ६२२. रोड सायकलचं ७००सी चाकही ६२२च असतं.

या बारीक आकड्याचं एवढं कौतुक का? आपल्याकडे ‘२६’ नावाची दोन चाकं फिरतात. पूर्वीच्या लेडीज सायकलचं २६ x १ ३/८ हे ५९० मिलिमीटरचं असतं आणि एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलचं, २६ x १.९५ हे ५५९चं. दुकानदार म्हणतो ‘छब्बीसचाच आहे साहेब’, आणि तो खोटंही बोलत नसतो. टायर मात्र रिमवर लोंबकळतो. ट्यूब थोडीफार ताणून चालते, टायर चालत नाही.

व्हॉल्व्हही बघून घ्या. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर पिशवीत टाका. जाड व्हॉल्व्हसाठी रिमला साडेआठ मिलिमीटरचं भोक असतं, बारकाला साडेसहाचं. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह तसाच घातला तर तो हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब फाटते. तो दोष ट्यूबचा नव्हे.

गिअर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

पहिला प्रश्न: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट? आपले मेकॅनिक दोन्हीला नुसतं ‘फ्री’ म्हणतात आणि घोळ तिथून सुरू होतो. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, आट्यांनी फिरवून बसवतात, कॅसेट खाचांवर सरकवून वरून रिंगने आवळतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक काढा आणि दातांच्या चकत्या उलट्या फिरवा. मध्यभागी जिथे पान्याच्या खाचा दिसतात, त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. त्या स्थिर राहिल्या आणि नुसत्या चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील निघालं, तर ते मोठं करण्यावर खर्च करू नका. त्या हबचं उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे बाहेर राहिलेला एक्सल खड्ड्यांत वाकतो. डोंगरात जायचंच असेल तर आधी मागचं चाक बदला, मग गिअरचं बघू.

कॅसेट असेल तर ती कोणत्या बॉडीवर, म्हणजे हबवरच्या खाचांच्या नळीवर, बसते ते बघायचं. शिमानो कंपनीच्या जुन्या एचजी बॉडीवर ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट बसतात, आणि डोंगरी सायकलच्या बऱ्याचशा ११ गिअरच्याही बसतात. माझा ठोकताळा असा: सर्वांत लहान चकती ११ दातांची असेल तर बहुधा जुनी बॉडी चालेल. १० दातांची असेल तर हात आखडता घ्या. तिला शिमानोची मायक्रो स्प्लाइन किंवा स्रॅम कंपनीची एक्सडी बॉडी लागते आणि ती तुमच्या हबला मिळेलच असं नाही.

दुसरी जोडी शिफ्टर आणि डिरेलियरची. शिफ्टर म्हणजे हँडलवरचा गिअरचा खटका, डिरेलियर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा भाग. हे लग्न पत्रिका बघूनच लावायचं. शिफ्टरची एक टिकटिक झाली की केबल ठरावीक मिलिमीटर ओढली जाते, आणि त्या ओढीवर डिरेलियर ठरावीक अंतर सरकतो. शिमानोच्या डोंगरी गिअरमध्ये ७, ८ आणि ९ हे एका घरातले. ८च्या शिफ्टरबरोबर ९चा डिरेलियर सुखाने नांदतो. १०पासून घर बदललं, ११ला पुन्हा बदललं. २०२३ला आलेली शिमानोची क्यूज मालिका तर वेगळीच सोयरीक आहे. स्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलियर शेजारी चांगले दिसतात, पण एकमेकांचं ऐकत नाहीत. मायक्रोशिफ्ट कंपनीचं घ्यायचं तर अ‍ॅडव्हेंट एक्सचा शिफ्टर, डिरेलियर आणि कॅसेट तिन्ही त्यांचीच घ्या. त्यात ११ ते ४८ दात मिळतात आणि जुन्या एचजी बॉडीवर बसतात. काटकसरी माणसाला मी हाच संच सुचवतो.

चेनसुद्धा मागच्या गिअरच्या संख्येनुसार. ८ची चेन बाहेरून साधारण ७.१ मिलिमीटर, ११ची साडेपाच. ८ची चेन ११च्या कॅसेटवर चढवली तर शेजारच्या दातांना घासत राहते.

आता भाचीच्या ४२कडे येतो. तिचा डिरेलियर ३४ दातांपर्यंतचा. मीही एकदा शहाणपणा करून ३४च्या डिरेलियरवर ४२ची कॅसेट चढवली होती, मागचा स्क्रू पूर्ण आवळून. घराच्या अंगणात झकास चालली. बोपदेव घाट चढून कानिफनाथच्या शेवटच्या उभ्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरला आलो, आणि डिरेलियर स्पोकमध्ये शिरला. फ्रेमला डिरेलियर धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा हँगर मोडला, तीन स्पोक गेले. येवलेवाडीपर्यंत उतार होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून पिशवीत एक जादा हँगर असतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. दुसऱ्याचा बसत नाही आणि गडाच्या पायथ्याला मिळत तर नाहीच. आज काढून मोजा, फोटो घ्या, दोन मागवून ठेवा.

पण ती गोष्ट बाजूला ठेवली तरी ४२ची तिला गरज नव्हती. कागदावर मांडलं. तिच्या पुढच्या लहान चेनरिंगला २२ दात, मागच्या मोठ्या चकतीला ३४. भागाकार ०.६५. तिला हवी होती ती रचना: पुढे एकच ३२, मागे ४२. भागाकार ०.७६. साडेसत्तावीसच्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर. म्हणजे जुन्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल १.४ मीटर जाते, नव्या गिअरला १.६५. चढावर कमी जाणं म्हणजे कमी जोर. पैसे घालून चढ अवघड करून घ्यायचा होता बाईंना! एका चेनरिंगवर जुन्याइतकं हलकं हवं असेल तर ३२ला मागे ५० लागतात, किंवा ४२ला पुढे २८. एकाच चेनरिंगचे फायदे आहेत, नाही असं नाही: चेन कमी वेळा निसटते, डावा हात मोकळा राहतो, चिखल अडकायला जागा कमी. पण तो सगळा संच बदलायचा उद्योग आहे. शिवाय स्वस्त क्रँकला (पायडलच्या दांड्याला) चेनरिंग रिव्हेटने ठोकलेल्या असतात, त्या सुट्या निघतच नाहीत. तुमच्या क्रँकला चार बोल्ट दिसतायत का, ते आधी बघा.

पायडल बदलताना डाव्याचे आटे उलटे असतात हे विसरू नका. सोसायटीतल्या एका धट्ट्याकट्ट्या तरुणाने डावं पायडल ‘सोडवता सोडवता’ आटे पार खाल्ले.

फोर्क

भाचीने निवडलेला एअर फोर्क खालून जाड नळीचा होता. तिच्या फ्रेमला वरपासून खालपर्यंत एकाच मापाची नळी लागते. जुन्या मिस्त्रींच्या भाषेत सांगायचं तर तिची फ्रेम नऊ सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी, २८.६ मिलिमीटर. आणि फोर्क खाली बारा सुतांचा. नऊ सुतांच्या भोकात बारा सूत घालायला मी काही जादूगार नाही. वर त्या फोर्कला १५ मिलिमीटरचा थ्रू एक्सल, तिच्या पुढच्या चाकाला ९चा क्विक रिलीज. म्हणजे फोर्कच्या मागोमाग नवं चाक आलं. ८० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कसाठी बनवलेल्या फ्रेमवर १३०चा लावला की सायकल पुढून उचलली जाते, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि फ्रेमच्या मानेवर नको तेवढा ताण येतो.

साध्या सायकलचा फोर्क बदलू नये असंच माझं मत आहे. तेच पैसे टायर, ब्रेक आणि हेल्मेटमध्ये घाला.

ब्रेक

यादीत उरलेली एकच वस्तू ती ही. आधीपासून केबलचे डिस्क ब्रेक असतील तर हायड्रॉलिक बसवणं सोपं असतं. फ्रेमवरचे कान कोणत्या प्रकारचे आहेत, आयएस की पोस्ट, तेवढं बघा. एकाचं दुसऱ्यावर बसवायला अडॅप्टर मिळतो, पण तो डिस्कच्या मापाचा हवा, १६० किंवा १८०. डिस्क सहा बोल्टची आहे की मध्यभागी एकाच रिंगची, तेही बघा. स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्यावर धातूचे पॅड घातले तर डिस्क खाल्ली जाते.

तेलाबद्दल मात्र कडक राहा. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट, काही नव्या मॉडेलमध्ये मिनरल. लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. एका दुकानात माझ्या शिमानो ब्रेकमध्ये मोटारसायकलचं डॉट भरून दिलं. दोन आठवड्यांत रबरी सील फुगले, लिव्हर दाबली की परत येईना. नशीब, घराजवळच्या उतारावर कळलं. तेव्हापासून बाटली मी स्वतः नेतो आणि समोर उभा राहतो. मेकॅनिकला राग येतो, येऊ दे.

चेनला तेल घालताना डिस्कवर कापड टाका. पॅडला तेलाचा एक शिंतोडा लागला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, आणि बहुतेक वेळा पॅड फेकूनच द्यावे लागतात.

मित्राची सायकल हातात आली की आधी उभ्या उभ्या दोन्ही लिव्हर दाबून बघा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. युरोपातल्या पद्धतीने बांधलेल्या सायकलीला तो डावीकडे असतो. उतारावर हा फरक कळण्याची वेळ येऊ नये.

हवा

दुकानातून निघताना पोरं टायर दगडासारखा कडक करून देतात, ५०-६० पीएसआय. डांबरावर ठीक आहे. मुरमावर तसलं चाक टणाटण उडतं आणि पकड सुटते. माझं वजन ७२ किलो, टायर सव्वादोन इंची. ट्यूब असताना पुढे २८, मागे ३१ ठेवायचो. आता ट्यूबलेस केल्यावर पुढे २२, मागे २५. ट्यूब असताना फार कमी ठेवली तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

काट्यांचं म्हणाल तर सासवड-जेजुरीकडे दिवाळीनंतर सराटे सुकून वाटेवर पसरतात, आणि बाभळीचा काटा तर बारा महिने. एका फेरीत ट्यूबला ११ पंक्चर मोजली आहेत. ट्यूबलेस आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, हाच उपाय. आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं.

कुठे जावं

मी निगडीला राहतो, म्हणून नवख्यांना आधी भंडारा डोंगरावर नेतो. देहूहून जवळ, वरपर्यंत डांबरी रस्ता, वर तुकोबांचं मंदिर. इथे चढताना गिअर कळतात आणि उतरताना ब्रेक. पायथ्याच्या शेतरस्त्यांवर कच्च्याची सवय करून घ्या. तुकाराम बीज आणि माघ शुद्ध दशमीला मात्र तिकडे फिरकू नका. वारकऱ्यांच्या गर्दीत सायकल घालणाऱ्याला माझ्यासोबत जागा नाही. देहूरोडच्या बाजूला लष्कराची हद्द आहे, पाटी दिसली की मागे वळायचं. खडकवासल्याला एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, बाजूलाही तेच. तिथली वाट मोबाइलच्या नकाशावर दिसते, म्हणून ती आपली होत नाही.

दुसरा टप्पा मल्हारगड. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, १७५७ ते १७६० मधला. दिवे घाट चढून झेंडेवाडीच्या बाजूने किंवा सोनोरी गावातून पायथ्याला जाता येतं. मजा गडापेक्षा भोवतालच्या माळावर आहे: मुरूम, बैलगाडीच्या चाकोऱ्या, गवताळ उतार. सायकल पायथ्याला ठेवा, गड पायी बघा. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाटातून जाते, त्या दिवसांत बोपदेवने या किंवा घरीच बसा.

त्यापुढे पवना धरणाचा परिसर. दुधिवरे खिंड, तिकोन्याचा पायथा, लोहगडवाडी. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरतं आणि तळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, सुकलेला दिसतो, पण पाण्याजवळ पापुद्र्याखाली ओला गाळ असतो. माझं पुढचं चाक तिथे रिमपर्यंत रुतलं आणि मी हँडलवरून पुढे. कडेकडेनेच जा. लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत आला. त्याच्या पायऱ्यांवर सायकल उतरवून व्हिडिओ काढण्याची हौस कुणाला असेल तर ती आवरावी.

हात बसल्यावर घुसळखांबवरून तैलबैला. समोर त्या दोन काळ्या भिंती आणि पठारावर सुटलेल्या वाटा, असं दुसरीकडे फारसं नाही. पण पठार घाटाच्या कड्याशी संपतं आणि पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही. धुक्यात मी सायकल हातात धरून चालतो, त्यात लाज नाही.

वेताळ टेकडी सकाळी चालणाऱ्यांची आहे. जायचंच तर वनखात्याच्या फाटकावर विचारून, घंटी लावून, चालणाऱ्याच्या वेगाने. साताऱ्याकडच्या कासच्या सड्यावर चाक घालू नका. त्या कातळावर माती बोटभर असते, ती चाकाखाली गेली की पुढच्या वर्षी फुलं नाहीत.

हंगाम कोणता? सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये सिंहगडच्या घाटात दरडी येतात, सिमेंटच्या गावरस्त्यांवर शेवाळं असतं आणि काळ्या रानात शंभर मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं, इतका चिखल फ्रेममध्ये भरतो. मार्चपासून नऊच्या आत परत फिरायचं.

हाडं सांभाळण्याचं

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे कललेलं नको. एकदा जोरात आपटलं की वरून ठीक दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. ते हेल्मेट बदला, धाकट्या भावाला देऊ नका. हातमोजे घालाच. पडताना माणूस आधी तळवा टेकवतो.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या उतारावर, नवखा माणूस दोन चुका करतो. सीटवर बसून राहतो आणि वळणात ब्रेक दाबतो. उतार सुरू होण्याआधी सीट खाली करा. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, टाचा खाली, बूड मागे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात लिव्हर सोडायची. बोटं चारही नकोत, दोन्ही हातांचं एकेक पुरे. आणि नजर चाकाखालच्या दगडावर नको, जिथे जायचंय तिथे ठेवा. ज्या दगडाकडे टक लावाल त्याच्यावरच जाल, हे मी अनेकदा सिद्ध केलंय.

वाटेवरच्या धोक्यांमध्ये मी सगळ्यात वर ठेवतो तार. शेताला एकेरी तार लावलेली असते, संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नाही. सोनोरीच्या माळावर मला ती छातीवर लागली. चार इंच वर असती तर हे लिहायला कुणी दुसरा शोधावा लागला असता. आदल्या आठवड्यात मोकळी असलेली वाट आज मोकळी असेलच असं नाही. पहिली फेरी नेहमी सावकाश. काही ठिकाणी रानडुकरांसाठी तारेत वीज सोडतात, त्यामुळे तार हाताने बाजूला करू नका.

दुसरे धनगरांचे कुत्रे. ते मेंढरं राखतात आणि सायकल त्यांना लांडग्याइतकीच संशयास्पद वाटते. पळवायची नाही. उतरा, सायकल मध्ये आडवी धरा, मेंढपाळाला हाक मारा, ‘पाव्हणं, कुत्रं आवरा’ म्हणा. तो आवरतो. त्याच्याशी दोन शब्द बोललात तर पुढची वाट कशी आहे हेही कळतं, कुठल्याही नकाशापेक्षा खरं.

कड्याला आग्या मोहोळ लोंबताना दिसलं की आवाज, धूर, अत्तर सगळं बंद, आणि मुकाट बाजूने जायचं. दगडांत फुरसं आणि गवतात घोणस असते. बसायला दगड उचलू नका, गवतात पंक्चर काढत बसू नका, उघड्या जागी या. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं: या भागात ग्रामीण रुग्णालय कुठे आहे? मी ते नाव हाताने कागदावर लिहून पिशवीत ठेवतो, कारण मोबाइलला रेंज नेमकी तेव्हाच नसते.

पाणी तासाला अर्धा-पाऊण लिटर धरा, त्यात ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच. एकट्याने कच्च्यात जाऊ नका. गेलातच तर कुठून जाऊन कुठून येणार हे घरी सांगा, आणि वाटेत बेत बदलू नका.

पिशवीत काय: एक ट्यूब (ट्यूबलेस असली तरी), पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, अ‍ॅलन कीचा जुडगा, चेनतोड, आपल्या गिअरच्या मापाची जोडकडी, हँगर, चार प्लास्टिक पट्ट्या, बँडेज, शिट्टी. आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. बाकीचं सगळं विसरलात तर चालेल एखाद्या वेळी, पण तो तुकडा विसरू नका. तैलबैल्याहून लोणावळ्यापर्यंत एकदा त्याच्याच जोरावर आलोय.

घरी आल्यावर गाडी धुण्याच्या सेंटरला नेऊन जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका, पाणी बेअरिंगच्या आत जातं. बादली, जुना ब्रश, साधं पाणी. मग चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. टकटक वाजलं तर हब ढिला झालाय, पुढच्या रविवारच्या आत आवळा.